चार दिवसांच्या जागेत परफॉर्मन्स आर्टचा कार्यक्रम कसा करावा

गणपतीत जिवंत देखावा बघायला आपण पेठांमध्ये रांगा लावतो, तेव्हा पॉप-अप, म्हणजे तात्पुरत्या जागेतला प्रयोगच बघत असतो. मंडळाची पोरं दहा दिवसांपुरता मांडव घालतात, पंधरा मिनिटांचा देखावा एका रात्रीत कितीदा तरी करतात आणि विसर्जनानंतर तिथे पुन्हा नुसता रस्ता उरतो. तेव्हा रिकाम्या गाळ्यात किंवा वाड्याच्या चौकात कुणी परफॉर्मन्स आर्ट करतंय म्हटल्यावर पुणेकराने बिचकायचं कारण नाही. इथे संहिता असेलच असं नाही. कलाकाराचं शरीर, जाणारा वेळ आणि समोर बसलेली माणसं हेच भांडवल.

सुरुवात जागेपासून करा. कल्पना आधी पक्की करून तिला साजेसा हॉल शोधत फिरणार असाल, तर सरळ एखादं नाट्यगृह घ्या, त्रास वाचेल. तात्पुरत्या जागेची मजा तिच्या अडचणींत असते: मध्येच आलेला खांब, भिंतीवर उरलेली कॅलेंडरची खूण, बंद न होणारा नळ. जागेत दोन तास नुसते बसा. प्रयोग ज्या वेळी करायचा त्याच वेळी बसा. सकाळी शांत असलेली गल्ली संध्याकाळी सातला हॉर्नने भरून जाते.

सध्या पुण्यात अशा जागा मिळतात त्या रीडेव्हलपमेंटमुळे. लोक घरं सोडून गेलेत आणि पाडकाम अजून सुरू झालेलं नाही, असा मधला काळ असतो. पण तिथे बहुधा विजेचा मीटर काढलेला असतो आणि पाणी तोडलेलं असतं, हे आधीच बघून घ्या. दुसरा प्रश्न, परवानगी कोण देणार? सोसायटी, बिल्डर की दोघंही? वाड्यात तर मालक एक, भाडेकरू सहा आणि कोर्टात दावा, असा मामला असतो. आम्ही एकदा मालकाचं तोंडी ‘करा हो’ ऐकून सामान नेलं आणि माडीवरच्या भाडेकरू आजोबांनी दिंडी दरवाजालाच कुलूप घातलं. चूक आमचीच होती. तेव्हापासून तारीख, वेळ, कोणत्या खोल्या वापरणार आणि नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, एवढं एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतो.

महापालिका पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तशी नोटीस मिळालेली जागा कितीही देखणी असली तरी घेऊ नका. नोटीस नसली तरी जुन्या लाकडी माडीवर गर्दी चढवायची नाही. प्रेक्षक खाली चौकात, कलाकार हवा तर वर.

किती माणसं बसवायची याचा माझा हिशेब साधा आहे: सतरंजीवर एका माणसाला सहा चौरस फूट, खुर्ची असेल तर आठ. चारशे चौरस फुटांची खोली असेल आणि निम्मी कलाकाराला दिली, तर उरलेल्या दोनशेत तीसच माणसं बोलवा. बाहेर पडायची वाट कधीही सामानाने अडवायची नाही, दोन वाटा असतील तर उत्तमच. अग्निशामक नळकांडं दाराजवळ ठेवा आणि ते चालवता येणारा माणूसही तिथेच उभा करा.

विजेचं गणित मात्र नीट करा. घरातला साधा सॉकेट ६ अँपियरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट. हजार वॉटचा एक जुना हॅलोजन लावला की त्या सॉकेटवर फारसं काही उरत नाही. एलईडी पार (रंगमंचावर वापरतात ते एलईडीचे दिवे) वापरा, एकाला दोनशेच्या आत वॉट लागतात. एक्स्टेंशनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून लोड देऊ नका, ती तापते. वीजच नसेल तर जनरेटर लागेल, पण त्याची घरघर प्रयोगात ऐकू येणार हे धरून चाला.

कागदपत्रांसाठी किमान महिनाभर हाताशी ठेवा. सार्वजनिक कार्यक्रमासाठी आधी भागातल्या पोलीस चौकीत जा. रस्ता, फुटपाथ किंवा बाग वापरणार असाल तर महापालिका आली. महाराष्ट्रात नाट्यप्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तुमच्याकडे संहिताच नसेल, तर कोण काय करणार, किती वेळ, कोणत्या वस्तू वापरणार हे मिनिटांच्या हिशेबाने पानभर लिहा आणि तुमच्या प्रयोगाला काय लागू होतं ते लवकर विचारून घ्या. हे पान पोलिसांनाही उपयोगी पडतं. ‘आम्ही काहीतरी प्रायोगिक करतोय’ ऐकल्यावर कोणताही हवालदार काळजीत पडेल, ‘एक बाई तीन तास धान्य निवडणार आहे’ हे त्याला कळतं. ध्वनिवर्धक रात्री दहानंतर उघड्यावर चालत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतात.

तारीख ठरवताना समोर पंचांग ठेवा. लग्नाचा मुहूर्त असेल तर तुमच्या मौनाच्या प्रयोगावरून वरात जाईल. पालख्या मुक्कामाला असतात त्या दिवशी नाना पेठ, भवानी पेठ सोडूनच द्या. जून ते सप्टेंबर उघडा चौक नको. शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगा, पहिल्या प्रयोगाचं आमंत्रण त्यांनाच द्या. साउंड टेस्ट मात्र दुपारी दोनला करू नका, पेठेत ती भांडणाची वेळ आहे.

प्रेक्षकाला हात लावू द्यायचा असेल तर नियम आधी ठरवा. मरीना अब्रामोविच या परफॉर्मन्स कलाकाराने १९७४ साली इटलीत नेपल्समध्ये ७२ वस्तू मांडून लोकांना त्या सहा तास तिच्या अंगावर हव्या तशा वापरायची मुभा दिली होती. लोकांनी तिचे कपडे कापले, शेवटी एकाने भरलेलं पिस्तूल तिच्यावर रोखलं. आपल्याकडे प्रेक्षक भिडस्त असतो, पण एकाने धीर केला की बाकीचे थांबत नाहीत. म्हणून ‘बास’ म्हणणारा एक माणूस नेमा. तो कलाकार नको, कलाकाराचा जिवलग मित्रही नको. त्याने थांबवलं की प्रयोग थांबला, चर्चा नंतर. प्रयोग लांबीचा असेल तर पाणी कोण देणार आणि मधूनच आलेल्या माणसाला कुठे बसवायचं, हेही त्याच्याशीच बोलून ठेवा.

जवळ स्वच्छतागृह कुठे आहे, पार्किंग कुठे, याची एक ओळ आमंत्रणात टाका. पुण्यात पार्किंगची ओळ आधी वाचली जाते.

ताबा घेतल्या दिवशी भिंती, फरशा, खिडक्या यांचे फोटो काढून ठेवलेले असावेत. प्रयोगानंतर त्याच कोनांतून पुन्हा काढा, खिळ्यांची भोकं पुट्टीने भरा, मेणाचे डाग खरवडा आणि किल्ली सही घेऊनच परत करा. आमच्याकडून ती एकदा रात्री अकराला मालकाच्या लेटरबॉक्समध्ये टाकली गेली. दुसऱ्या दिवशी सापडेना, आणि नवं कुलूप आमच्याच खर्चाने बसलं.