काचेला लागलेला बिबट्या

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी काकांचा कोळशातला बिबट्या आहे. फाइन आर्ट्सला असताना त्यांनी तो कमाटीबागेत पिंजऱ्यासमोर बसून काढला होता. यंदा पावसाळ्यानंतर पाहिलं, तर खांद्यावरचे ठिपके फिकट आणि काचेच्या आतून त्यांचीच काळी सावली! पोटात धस्स झालं. फ्रेम करताना कागद थेट काचेला टेकवलेला. काडीच्या कोळशात चिकटून राहण्यासारखं काहीच नसतं, नुसती भुकटी कागदाच्या खरखरीत दाण्यात अडकलेली असते.

फ्रेम आडवी ठेवून उघडली. फडकं अजिबात लावलं नाही. कडेचे डाग मळून घ्यायच्या मऊ रबराने टिपले, घासले नाहीत. ठिपके पुन्हा भरायचा मोह झाला, पण तो हात काकांचा. मग वारा नसताना गच्चीत फिक्सेटिव्ह (भुकटी कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारलं: हातभर अंतरावरून, दोन पातळ थर, मधे वाळू देऊन. (आधी दुसऱ्या कागदावर मारून बघा, जास्त झालं तर करड्या छटा काळवंडतात.) शेवटी आम्लमुक्त जाड माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घातला, आता काच कागदाला टेकत नाही. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक) लावणं मुद्दाम टाळलं, त्यातली स्थिर वीज भुकटी ओढून घेते.

डावीकडची एक मिशी पुसट झालीय. ती तशीच ठेवली आहे.