मजकुरी टर्मिनल कमांडने मार्गावर आणणे

नारायण पेठेतल्या एका लहान छापखान्याचा नोंदींचा संगणक मी सांभाळतो. त्यावर लिनक्स आहे. त्याला माऊस नाही आणि खिडक्यांचा पडदाही नाही, काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरे उमटतात तेवढेच. तिथे काम करणाऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे त्याच आहेत: टंकलेले दिसत नाही, पडदा गोठला, अक्षरांच्या जागी रेघोट्या आल्या, पडदा आपोआप काळा झाला. या साऱ्यांवर संगणक बंद करून पुन्हा चालू करणे हाच उपाय सर्रास केला जातो, आणि त्यात अर्धवट लिहिलेली नोंद हकनाक जाते. वास्तविक प्रत्येक तक्रारीला एकेका ओळीची कमांड पुरते, मात्र बिघाड नेमक्या कोणत्या थरात आहे ते आधी ओळखावे लागते.

असे थर तीन आहेत. कळफलक आणि प्रोग्राम यांच्यामध्ये कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, टीटीवाय हा भाग बसतो. टंकलेले अक्षर पडद्यावर दाखवणे, बॅकस्पेसने खोडणे, कंट्रोल-सी दाबल्यावर प्रोग्राम थांबवणे ही कामे तो करतो. दुसरा थर म्हणजे प्रत्यक्ष टर्मिनल, जे रंग, कर्सर आणि अक्षरसंच सांभाळते. तिसरा थर शेल, म्हणजे टंकलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम; बहुतेकांच्या बाबतीत तो बॅश असतो. पहिल्यासाठी एसटीटीवाय, दुसऱ्यासाठी सेटटर्म आणि टीपुट, तर तिसऱ्यासाठी शेलच्या स्वतःच्या फायली, अशी हत्यारांची वाटणी आहे. या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. त्या टंकताना अर्थातच लहान रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरावेत, आणि शब्दाआधीचे उणे चिन्ह आहे तसेच द्यावे.

सुरुवात गोठलेल्या पडद्यापासून करू, कारण हा बिघाड मुळात बिघाडच नाही. खिडक्यांच्या संगणकावर काम जपून ठेवण्यासाठी कंट्रोल-एस दाबायची बोटांना सवय असते, आणि टर्मिनलमध्ये त्याच कळा म्हणजे मजकूर पाठवणे थांबवण्याची खूण आहे. टेलिप्रिंटरच्या काळात समोरच्या यंत्राला छापायला उसंत मिळावी म्हणून ही सोय होती. कंट्रोल-क्यू दाबले की पडदा पुन्हा हलू लागतो आणि मधल्या काळात टंकलेले सारे एकदम उमटते. ही जुनी सोय आपल्याला नकोच असेल, तर ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ ही कमांड द्यावी. नावाआधी उणे चिन्ह म्हणजे ती सोय बंद, चिन्ह नसल्यास चालू, हा एसटीटीवायचा सर्वत्र लागू पडणारा नियम आहे. ‘एसटीटीवाय -ए’ दिल्यास सर्व सोयींची सद्यस्थिती याच पद्धतीने दिसते. एकदा ती यादी शांतपणे वाचून काढल्यास पुष्कळ कोडी सुटतात.

टंकलेले दिसत नसेल, तर बहुधा पासवर्ड विचारणारा एखादा प्रोग्राम मध्येच कोसळलेला असतो. पासवर्ड दिसू नये म्हणून त्याने इको ही सोय बंद केली आणि पुन्हा चालू करण्याआधीच त्याचा अवतार संपला. अशा वेळी न दिसताही ‘एसटीटीवाय इको’ टंकावे आणि एंटर दाबावे. अनेक सोयी एकदम बिघडल्याचा संशय असल्यास ‘एसटीटीवाय सेन’ (इंग्रजीत sane) द्यावे, म्हणजे सर्व सोयी नेहमीच्या मूल्यांवर येतात. कधी कधी एंटरसुद्धा काम करत नाही, नुसते ^एम उमटते. कारण एंटरच्या कळेतून निघणाऱ्या खुणेचे नव्या ओळीच्या खुणेत रूपांतर करणारी सोयच बंद पडलेली असते. तिथे एंटरऐवजी कंट्रोल-जे दाबावे, मग कमांड टंकावी आणि पुन्हा कंट्रोल-जे दाबावे. प्रयोग करण्याची हौस असेल, तर आधी ‘एसटीटीवाय -जी’ देऊन मिळणारी लांबलचक ओळ जपून ठेवावी. पुढे तीच ओळ एसटीटीवायला दिली की पूर्वीची घडी जशीच्या तशी परत बसते.

रेघोट्यांचे कारण मात्र दुसऱ्या थरात आहे. चित्राची किंवा प्रोग्रामची फाईल चुकून कॅट कमांडने पडद्यावर ओतली, की तिच्यातील काही बाईट टर्मिनलला हुकूम वाटतात. उदाहरणार्थ, १४ क्रमांकाचे बाईट अक्षरसंच बदलते, आणि मग लहान अक्षरांच्या जागी चौकटी आखण्याच्या रेघा येऊ लागतात. येथे एसटीटीवाय सेनचा उपयोग नाही, कारण कर्नलचे काही बिघडलेले नसते. ‘रिसेट’ ही कमांड द्यावी, जी टीटीवायच्या सोयी मूळ जागी आणतेच, शिवाय टर्मिनललाही पूर्ववत होण्याचा हुकूम पाठवते. टंकताना अक्षरे विचित्र दिसली तरी डगमगू नये.

पडदा काळा होणे थांबवण्यासाठी ‘सेटटर्म --ब्लँक ०’ आहे. हा आकडा मिनिटांचा असून तो ६० पर्यंत देता येतो. शून्य म्हणजे पडदा कधीच झाकू नये. हिरवी अक्षरे हवी असल्यास ‘सेटटर्म --फोरग्राउंड ग्रीन --स्टोअर’ द्यावे. शेवटच्या शब्दामुळे टर्मिनल तो रंग मूळ रंग मानते, अन्यथा पुढचा रंगीत प्रोग्राम तो पुसून टाकतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण माझी यात एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. सेटटर्म यंत्रात कोठेही नोंद करत नाही. ते केवळ काही गुप्त खुणा आपल्या समोरच्या पडद्यावर ‘छापते’ आणि टर्मिनल त्या हुकूम म्हणून पाळते. त्यामुळे कोथरूडच्या घरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर काम करू देणाऱ्या प्रोग्रामने, जोडणी करून ही कमांड दिली, तर खुणा छापखान्याच्या पडद्याकडे न जाता घरच्या खिडकीत येतात, आणि तिथले टर्मिनल ही सोय देत नाही असे उत्तर मिळते. उपाय असा, की रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून ‘सेटटर्म --टर्म लिनक्स --ब्लँक ०’ द्यावे आणि त्यापुढे बाणाचे चिन्ह (>) टाकून ते ‘/डेव्ह/टीटीवाय१’ या फायलीकडे, म्हणजेच छापखान्याच्या पडद्याकडे, वळवावे. एखादी कमांड रूटच्या अधिकाराने चालवणारे सुडू नुसते आधी लावून भागत नाही, कारण वळवण्याचे काम सुडूच्या आधी आपलाच शेल करतो आणि त्याला परवानगी नसते.

तरीही एका गुरुवारी वीज गेली आणि परत आल्यावर पडदा पुन्हा काळा होऊ लागला, कारण खुणा वीज असेपर्यंतच टिकतात. कायमचा बंदोबस्त करायचा तर ‘कन्सोलब्लँक=०’ हे शब्द ग्रबच्या, म्हणजे संगणक चालू होताना लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, कर्नल ओळीत घालावेत; येथील आकडा मात्र सेकंदांचा असतो. डेबियन किंवा उबुंटूवर त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ चालवणे विसरू नये.

देवनागरीची अपेक्षा या साध्या कन्सोलकडून, म्हणजे खिडक्या नसलेल्या काळ्या पडद्याकडून, ठेवू नये. त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरे घडवण्याची यंत्रणाच त्यात नाही. याच पुण्यात, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या जिस्ट कार्डाने डॉसच्या मजकुरी पडद्यावर भारतीय लिप्या आणल्या होत्या, हे आठवले की आजच्या कन्सोलची ही गरिबी जरा टोचते. खिडक्यांच्या टर्मिनलमध्ये मात्र मराठी टंकता येते. तिथे कॅटसारख्या साध्या प्रोग्रामला मजकूर देताना एक अक्षर खोडायला बॅकस्पेस तीनदा दाबावे लागत असेल, तर ‘एसटीटीवाय आययूटीएफ८’ द्यावे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाईटचे असते आणि ही सोय बंद असल्यास कर्नल एकेक बाईट खोडत बसतो. ‘पुणे’ या शब्दात उकार आणि मात्रा धरून ४ चिन्हे, म्हणजे १२ बाईट होतात. सोय चालू केल्यावरही उकार व मात्रा स्वतंत्रपणे खोडल्या जातात, ते तसेच अपेक्षित आहे.

शेलच्या थराविषयी थोडेच सांगतो. प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टंकण्याच्या जागेआधी उमटणारा मजकूर, रंगवण्यासाठी ‘टीपुट सेटएएफ २’ हिरवा रंग देते आणि ‘टीपुट एसजीआर०’ तो काढून घेते. पीएस१ (प्रॉम्प्टचा मजकूर ठेवणारे, मोठ्या अक्षरांत लिहायचे नाव) मध्ये रंगाच्या या खुणा उलट्या तिरक्या रेघेसह येणाऱ्या चौकोनी कंसांत (\[ आणि \]) घालाव्यात. नाहीतर बॅश त्यांनाही अक्षरे म्हणून मोजतो, आणि लांब कमांड टंकताना ओळ खाली न वळता स्वतःवरच चढते.

आवडलेल्या कमांड घरच्या डिरेक्टरीतील ‘.बॅशआरसी’ फायलीत लिहून ठेवता येतात, पण त्या उघड्या लिहू नयेत. एससीपी या कमांडने दुसऱ्या संगणकावर फाईल पाठवताना पलीकडे हीच फाईल वाचली जाऊ शकते. तिथे टर्मिनल नसल्याने एसटीटीवाय तक्रार करते, आणि सेटटर्मच्या खुणा तर फायलींच्या देवाणघेवाणीत मिसळून तीच बंद पाडू शकतात. म्हणून प्रत्येक ओळीआधी ‘[ -टी ० ] &&’ ही अट घालावी आणि पडद्यावर काहीतरी छापणाऱ्या कमांडसाठी शून्याच्या जागी १ लिहावा, म्हणजे समोर खरोखर टर्मिनल असेल तेव्हाच ती ओळ चालते.