कुत्रं चावलं तर: जखम धुण्यापासून शेवटच्या सुईपर्यंत

कुत्रं चावलं की पारावर पहिली चौकशी सुरू होते ती कुत्र्याची. कुणाचं होतं, पिसाळलेलं होतं का, आता कुठं गेलं? ते नंतर बघा. आधी जखम धुवा.

धुणं म्हणजे साबण लावून, पाण्याच्या धारेखाली, घड्याळ बघून १५ मिनिटं. लातूर-बीडकडं उन्हाळ्यात नळ कोरडे असतात, तेव्हा टँकरच्या पाण्यानं भरलेल्या ड्रममधून कुणीतरी तांब्यानं धार धरावी. त्या दिवशी पाण्याचा हिशोब करू नये. कुत्र्याच्या लाळेतला रेबीजचा, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाचा, विषाणू जखमेतून नसांमध्ये शिरतो आणि हळूहळू मेंदूकडं सरकतो. तो शिरायच्या आत जेवढा वाहून जाईल तेवढा बरा. मग पोव्हिडोन आयोडीन (जखमेवर लावायचं जंतुनाशक) असेल तर लावा. हळद, चुना, तिखट यातलं काहीही नको.

त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथं फुकट मिळते. रक्त आलं असेल, किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली असेल, तर लशीबरोबर सिरमही लागतं, म्हणजे विषाणूला लगेच अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. ते जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. छोट्या केंद्रात ते नसेल तर कुठं मिळेल ते विचारून लगेच तिकडं निघा. पोटातल्या १४ सुयांचा धसका अजून काहींच्या मनात आहे, पण ती लस बंद होऊन वर्षं झाली. आता दंडात टोचतात: कातडीत दिली तर पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ दिवसांनी; स्नायूत दिली तर १४ दिवसांनी आणखी एक. गरोदर बाईला, तान्ह्या लेकरालाही ती चालते.

खरी गळती होते शेवटच्या सुईला. जखम भरलेली असते, ऊसतोडीच्या टोळीची उचल घेतलेली असते आणि ट्रॅक्टर कारखान्याकडं निघतो. निघताना केसपेपर सोबत घ्या आणि उरलेली सुई फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात घ्या. तारीख हुकली तरी जा.

कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायची ती लस सुरू करून, लशीऐवजी नव्हे. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून वाट बघण्यात कसलंच शहाणपण नाही. पोरं तर माराच्या भीतीनं ओरखडा लपवतात. रागावू नका, हातपाय तपासा.

गोठ्याकडंही लक्ष असू द्या. गाय-बैल लाळ गाळतोय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, तर तोही रेबीज असू शकतो; घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. पशुवैद्यकाला बोलवा. घातलाच असेल तर हात धुवा आणि दवाखान्यात तसं सांगा. राखणीच्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर लस द्या, पुढं पशुवैद्यक सांगेल त्याप्रमाणं दरवर्षी.