जुनं कार्ड कुठल्या गाडीनं आलं, ते कसं शोधायचं

घरातल्या ट्रंकेतून जुनी पोस्टकार्डं निघाली की सगळे आधी मजकूर वाचतात. थोडा वेळ मजकूर राहू द्या. कार्ड उलटं करा आणि पत्त्याची बाजू उजेडात धरा. ते पत्र कुठल्या मार्गानं आलं, कुठे गाडी बदलली, कुणाच्या हातातून गेलं, यातलं बरंचसं त्या बाजूवरून कळतं.

मी १९७० साली आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे डाक सेवेत, सॉर्टर म्हणून लागलो. मुख्यालय भुसावळ. चालत्या गाडीत टपाल वेगळं करायची पद्धत आपल्याकडे १८६३ साली अलाहाबाद ते कानपूर या मार्गावर सुरू झाली. मी लागलो तेव्हा ती ऐन भरात होती. १९८०च्या दशकात गाडीतलं सॉर्टिंग बंद होत गेलं आणि ते काम स्टेशनजवळच्या कचेऱ्यांत आलं. म्हणून खाली जे सांगतो ते त्याआधीच्या पत्रांना लागू आहे.

पत्ता खालून वर वाचा. सॉर्टर नाव वाचत नसे, तेवढा वेळच नसायचा. नजर थेट शेवटच्या ओळीवर जायची आणि डोक्यात एकच प्रश्न असायचा: याचं स्टेशन कोणतं? टपाल गावाला जाण्याआधी स्टेशनला जायचं. बुलढाण्याला रेल्वे नाही, त्याचं जवळचं स्टेशन मलकापूर. खामगावला आहे, पण ती जलंबहून फुटलेली छोटी शाखा. धुळ्याला जायचं तर चाळीसगावला उतरायचं. अमरावतीला बडनेऱ्याहून आत वळायचं. तेव्हा पहिलं काम हे, की पत्त्यातल्या गावाचं त्या काळचं स्टेशन शोधून कागदावर लिहा.

इथे एकसारख्या नावांपासून सांभाळा. पिंपळगाव बसवंत नाशिक जिल्ह्यात, पिंपळगाव हरेश्वर पाचोऱ्याकडे, पिंपळगाव राजा बुलढाणा जिल्ह्यात. माझ्याकडे एक कार्ड आहे, त्यावर लिहिणाऱ्यानं फक्त ‘मु. पो. पिंपळगाव’ एवढंच घातलंय. पुढचा शब्द नाही, जिल्हा नाही. ते बिचारं तिन्हीकडे हिंडलं आणि प्रत्येक ठिकाणचा ठसा अंगावर घेऊन शेवटी पोचलं. अशी कार्डं टाकून देऊ नका. मार्ग शिकायला त्यांच्याइतका चांगला धडा नाही.

दुसरं काम जंक्शनांचं. पत्र निघालं ते स्टेशन आणि पोचलं ते स्टेशन नकाशावर जोडा. पण नकाशा त्याच काळातला हवा. आजचा घेतलात तर फसाल. १९७५ साली मुंबईहून परभणीला टाकलेलं कार्ड मनमाडपर्यंत मोठ्या गाडीनं यायचं. पुढे औरंगाबाद, जालना, परभणी ही सगळी मीटर गेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांची, होती, ती १९९०च्या दशकात रुंद झाली. म्हणजे मनमाडला थैल्या एका गाडीतून उतरवायच्या, दुसरीपर्यंत न्यायच्या आणि पुन्हा चढवायच्या. मुंबईची गाडी उशिरा आली आणि छोटी गाडी निघून गेलेली असली, की थैल्या तिथेच थांबायच्या. तुमच्या कार्डाला एक दिवस जास्त लागलेला दिसला तर आधी असं जंक्शन शोधा. त्या वर्षीचं वेळापत्रक मिळालं तर सोन्याहून पिवळं, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अजून मिळतात.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला चकवते. मेल गाडी लहान स्टेशनवर थांबत नाही. जळगाव आणि भुसावळच्या मधे भादली आहे. मुंबईहून मेलनं येणारं तिथलं पत्र गावासमोरून तसंच पुढे जाऊ शकतं आणि मग पॅसेंजरनं मागे येतं. त्यामुळे एखाद्या कार्डावर गावाच्या पुढच्या स्टेशनचा ठसा दिसला तर लगेच चूक म्हणू नका. सॉर्टरला अंतरापेक्षा वेळ मोलाचा होता. मागे फिरून लवकर पोचत असेल तर तो मागे फिरवायचा, आणि ते बरोबरच होतं.

आता टपालाच्या डब्यात काय चालायचं ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय ठशांचा अर्थ लागत नाही. ठरावीक मार्गावर गाडीत चालणाऱ्या टपालाच्या कामाला सेक्शन म्हणायचे. सेक्शन दोन प्रकारचे असत. ट्रान्झिट सेक्शनमध्ये मेल गार्ड असायचा. तो बंद थैल्या घ्यायचा आणि बंदच द्यायचा, यादीशी ताडून. सॉर्टिंग सेक्शनमध्ये आम्ही थैली फोडायचो. लाख तोडली, सुतळी कापली की टेबलावर पत्रांचा ढीग. समोर लाकडी खणांची भिंत, एकेका खणाला एकेक स्टेशन किंवा पुढचा सेक्शन. उभं राहून, गाडीच्या हेलकाव्यात पाय फाकवून, डाव्या हातात गठ्ठा आणि उजव्या हातानं फेक. खण भरला की पत्त्याची तोंडं एका बाजूला करून बंडल, त्यावर लेबल, बंडलं थैलीत, थैलीला सुतळी आणि लाखेवर मोहर. जी थैली आधी उतरायची ती दाराशी. इगतपुरीचा घाट चढताना पायांत गोळे यायचे, तरी फेक चुकू द्यायची नाही, हा आमचा मान होता.

यातून तुमच्यासाठी निघणारा नियम असा: बंद थैलीतून गेलेल्या पत्रावर त्या गाडीचा ठसा नसतो. ठसा नाही म्हणून पत्र त्या मार्गानं गेलंच नाही, असं ठरवू नका. साध्या कार्डावर बहुतेक वेळा टाकलेल्या ठिकाणचा ठसा आणि पोचल्याचा ठसा एवढेच मिळतात, मधला प्रवास नकाशावरून बांधावा लागतो. रजिस्टर पाकीट असेल तर नशीबवान आहात. ते पाठीमागून बघा. ते हातोहात सही देऊन पुढे जायचं, म्हणून तिथे ठशांची रांग असते. तारखा लावून त्या क्रमानं वाचा.

रेल्वेच्या ठशात आधी अक्षर शोधा. ‘बी’ म्हणजे पुणे विभाग, ‘बीएम’ मिरज, ‘एल’ भुसावळ, ‘एफ’ नागपूर. अक्षरापुढचा आकडा सेक्शनचा. मग ‘आउट’ किंवा ‘इन’. मुख्यालयातून बाहेर निघालेला सेक्शन आउट, परत येणारा इन. हे रेल्वेच्या अप आणि डाउनशी जोडू नका, बहुतेकांची गफलत इथेच होते. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी अप. भुसावळचा सेक्शन मुंबईकडे निघाला तर गाडी अप आणि ठसा आउट. तोच भुसावळचा सेक्शन नागपूरहून परत येताना गाडी अपच, पण ठसा इन. काही ठशांत सेटचा नंबरही असतो. एकाच सेक्शनवर माणसांच्या तुकड्या आळीपाळीनं जायच्या, त्या तुकडीला सेट म्हणायचे. तो नंबर वाचता आला तर त्या रात्री डब्यात कोण होतं इथवर तुम्ही पोचलात.

पिनकोड असेल तर त्यालाही बोलतं करा. तो १५ ऑगस्ट १९७२ला आला. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो रचला, दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्याआधी आम्ही गावं पाठ करायचो आणि त्याची परीक्षा द्यायचो. पिनचे पहिले तीन आकडे सॉर्टिंगचा जिल्हा सांगतात. तो महसुली जिल्ह्याशी जुळेलच असं नाही. चाळीसगाव आणि पाचोरा जळगाव जिल्ह्यात, पण दोघांचा पिन धुळ्याचा ४२४. नंदुरबार १९९८पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं, तरी त्याचा पिन जळगावचा ४२५. रूळ बघा: जळगावहून निघालेला ताप्ती खोऱ्याचा मार्ग अमळनेरवरून नंदुरबारला जातो. कोपरगाव आणि शिर्डी नगर जिल्ह्यात, पण मनमाडबरोबर ४२३. दौंड पुणे जिल्ह्यातलं, सोलापूरच्या मार्गावरचं, आणि पिन सोलापूरचा ४१३. मराठवाड्यातलं लातूरही ४१३. कुर्डुवाडीहून निघणारी बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला पोचली होती. माझ्या मते पिनकोडाच्या पोटात आगगाडीचा नकाशा आहे. तुमच्या गावाचे पहिले तीन आकडे घेऊन हे स्वतः ताडून बघा.

पुसट ठसा वाचायला कार्ड खिडकीशी तिरपं धरून फोटो काढा. कार्डावर पेन्सिलसुद्धा लावू नका आणि ते लॅमिनेट तर मुळीच करू नका. टिपणं वेगळ्या कागदावर ठेवा.

एका तिकिटाशेजारी जादा तिकीट दिसलं तर ते लेट फीचं असू शकतं. आमच्या डब्यालाच पत्रपेटी असायची. गाडी उभी असताना जादा तिकीट लावून तिच्यात पत्र टाकता यायचं. अशा पत्रावर गावातल्या पोस्टाचा ठसा नसतो, आमच्या सेक्शनचाच असतो.

आई गेल्यावर चाळीसगावच्या घरात तिच्या नावचं असं एक कार्ड सापडलं. अकोल्याच्या माझ्या बहिणीनं लिहिलेलं, भाचीच्या बारशाचं. मेहुण्यांनी स्टेशनवर येऊन डब्याच्या पेटीत टाकलं असणार. ठशात ‘एल’ आहे, इन आहे आणि सेटचा नंबर माझाच. तारीख माझ्या जुन्या डायरीशी लावली. त्या रात्री मी ड्यूटीवर होतो. पत्त्याची शेवटची ओळ वाचून मीच ते चाळीसगावच्या खणात टाकलं असेल.