वाइनचं पहिलं पुस्तक घेताय? या चुका टाळा

खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी वाइनवरचा एक जाडजूड ग्रंथ उचलला, तो गुळगुळीत कागद आणि द्राक्षमळ्यांचे फोटो बघून. घरी येऊन उघडला तर निम्मी पानं फ्रान्समधलं कुठलं साल चांगलं आणि कुठलं बेकार, यावर. इंदूरच्या दुकानात ज्या बाटल्या कधी येणार नाहीत, त्यांचं पंचांगच म्हणा ना.

पुस्तक किती साली छापलं ते मी बघितलं नव्हतं. पण नुसतं सालही फसवतं, कारण जुना मजकूर नव्या मुखपृष्ठात येतो. म्हणून आता मी पुस्तक मागून उघडतो, सूचीपासून. सूचीत ‘कार्मेनेर’ हे द्राक्षाचं नाव शोधा. चिलीत मेर्लो हे दुसरं द्राक्ष समजून लावलेल्या बऱ्याच वेली मुळात कार्मेनेरच्या आहेत, हे १९९४ मध्ये लक्षात आलं; चिलीच्या संदर्भात ते नाव नसेल तर मजकूर त्याआधीचा असावा. मग ‘प्रोसेक्को’ या इटलीतल्या फसफसत्या वाइनचं पान काढा. २००९ पासून हे नाव प्रदेशाचं आहे, द्राक्षाला ग्लेरा म्हणतात. पुस्तक अजून प्रोसेक्को नावाचं द्राक्षच सांगत असेल तर ते शिळं समजा. आणि चवीच्या प्रकरणात तो जिभेचा नकाशा दिसला, टोकाला गोड नि मागे कडू असा, तर पुस्तक सरळ खाली ठेवा. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडेच कळतात. लेखकाने ते कुठून तरी उतरवून घेतलंय.

दुसरी चूक हौसेची. कुणी थेट नकाशांचा मोठा ग्रंथ आणतं, कुणी दरवर्षी निघणारी खिशातली गुणपत्रिका. दोन्ही चांगली, पण नंतर. पहिल्या पुस्तकाने आंबटपणा, टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरट घटक), गोडी आणि अल्कोहोल म्हणजे तोंडात नेमकं काय होतं ते सांगावं, आणि लेबल वाचायला शिकवावं. फ्रेंच बाटलीवर बहुतेकदा गावाचं नाव असतं, द्राक्षाचं नाही. शाब्ली म्हणजे शार्दोने, सॉन्सेर बहुतांशी सोव्हिन्यों ब्लांक. शाब्लीच्या पानावर पहिल्या चार ओळींत शार्दोने आलं नाही, तर ते पुस्तक जाणकारांसाठी लिहिलेलं आहे.

‘रेड वाइन रूम टेंपरेचरला द्या’ हे वाक्य मी शब्दशः पाळलं, तेही मे महिन्यात. भावोजी एक घोट घेऊन म्हणाले, “ही वाइन आहे का खोकल्याचं औषध?” ती खोली जुन्या युरोपातल्या थंड घरातली, साधारण १६ ते १८ अंशांची. आमच्या खोलीत पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. त्यामुळे अंशांत आकडे देणारं पुस्तक घ्या. तोवर आपल्याकडे उन्हाळ्यात रेडलाही अर्धा तास फ्रिज दाखवलेला बरा.

कशाबरोबर काय प्यावं, याच्या याद्या ऑयस्टर आणि मटणाच्या रोस्टने भरलेल्या असतात. त्या सोडा. कारण सांगितलंय का ते बघा. तिखटाबरोबर अल्कोहोल जास्त झोंबतं, टॅनिन जास्त खरखरीत लागतं आणि जरा गोडसर व्हाइट तोंड शांत करते. एवढं कळलं की रतलामी शेवेचं तुम्हीच ठरवाल.

भारतावर अर्धंच पान असेल तर मी पुस्तक नाकारत नाही. फक्त ‘उत्तर गोलार्धात तोडणी शरद ऋतूत’ हा नियम नाशिकला लावू नका. तिथे पावसाळा टाळायचा म्हणून छाटणी सप्टेंबरच्या आसपास आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते.

चुकीचं पुस्तक आधीच घरात असेल तर रद्दीत घालू नका. किमती आणि सालांचे गुण जुने होतात. माती, वेल, आंबवणं ही प्रकरणं सहसा टिकतात. माझा तो ग्रंथ अजून कपाटात आहे. द्राक्षाची वाइन कशी होते, ते त्यात इतकं सोपं लिहिलंय की नंतर घेतलेल्या महागड्या पुस्तकातही तसं सापडलं नाही.