ह्यूमचे ‘डायलॉग्ज’ वाचायचे कसे?

अठराव्या शतकातल्या स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचे ‘डायलॉग्ज कन्सर्निंग नॅचरल रिलिजन’ हे देवाविषयी तिघांचा वाद मांडणारे पुस्तक 1779 साली, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी छापून आले. ते हातात घेण्याआधी त्याच्याच 1748 सालच्या ‘एन्क्वायरी’तले (मानवी आकलनावरच्या पुस्तकातले) अकरावे प्रकरण वाचा. त्यात तराजूचा दाखला आहे: एका पारड्यात दहा औंसांचे वजन आहे आणि ते वर उचलले गेले आहे. दुसरे पारडे दिसत नाही. तिथे दहा औंसांहून जास्त वजन आहे एवढे म्हणता येईल; शंभराहून जास्त आहे असे म्हणायला आधार नाही. परिणामावरून कारण काढताना परिणामाला पुरेल तेवढेच कारण मानायचे. हे पक्के झाले की ‘डायलॉग्ज’चा निम्मा वाद उलगडतो.

मग कागदावर तीन रकाने आखा: क्लिअँथिस, डेमिया, फायलो. क्लिअँथिस जगाची रचना पाहून रचणारा बुद्धिमान आहे असे म्हणतो, डेमिया कर्मठ आहे, फायलो संशयवादी. प्रत्येक मुद्दा कोणाचा आणि कोणाविरुद्ध, एवढे टिपत चला. पुस्तकाचे बारा भाग आहेत. पहिला वरवर चाळला तरी चालेल.

दुसरा आणि पाचवा मात्र सावकाश वाचा. घर पाहून आपण बांधणारा होता असे म्हणतो, कारण घरे बांधली जाताना पाहिलेली असतात. जगे घडताना कोणी पाहिली, असे दुसऱ्या भागात फायलो विचारतो. पाचव्या भागात तो क्लिअँथिसचीच उपमा, जग म्हणजे कोणीतरी घडवलेली वस्तू, पुढे रेटतो. जहाज सुबक आहे म्हणून सुतार हुशार असेलच असे नाही. त्याने पिढ्यान्‌पिढ्यांची नक्कल केली असेल. जहाजाला बरेच हात लागतात, मग देवही अनेक का नसावेत? आणि हे जग एखाद्या बाल-देवाचा पहिला, अर्धवट टाकून दिलेला प्रयत्न कशावरून नाही? फायलोला यातले काही सिद्ध करायचे नाही, एवढे ध्यानात ठेवा. त्याच पुराव्यातून हेही तितकेच निघते, हा त्याचा मुद्दा.

तिसरा भाग गाळण्याचा मोह होतो. गाळू नका. क्लिअँथिसची बाजू इथे सर्वांत भक्कम आहे, आणि फायलो थोडा गोंधळला असे निवेदक पँफिलस स्वतः सांगतो. हा भाग सुटला की पुस्तक एकतर्फी वाटू लागते.

नवव्या भागात रकाने उपयोगी पडतात. देवाचे अस्तित्व अनुभवाविना, निव्वळ तर्काने सिद्ध करू पाहतो डेमिया, आणि ते खोडून काढतो क्लिअँथिस: जे जे आहे असे कल्पिता येते, ते नाही असेही कल्पिता येते. घाईत हा मुद्दा फायलोच्या नावावर जातो.

दहावा-अकरावा सलग वाचा. विषय दुःखाचा आहे. देव दुःख टाळू इच्छितो पण टाळू शकत नाही, की शकतो पण इच्छित नाही, हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावाने चालत आलेला पेच इथे येतो. अकराव्याच्या शेवटी डेमिया उठून जातो. आपण ज्याला सोबती समजत होतो तो फायलो कुठे नेतो आहे, हे त्याला तेव्हा कळते.

बाराव्यावर बहुतेकांची गाडी अडते. इतके सगळे मोडून काढल्यावर फायलो म्हणतो, विश्वातल्या व्यवस्थेच्या कारणाचे किंवा कारणांचे मानवी बुद्धीशी दूरचे साम्य असावे, असे संभवते. काही जण याला शरणागती म्हणतात, काही निव्वळ सावधगिरी. दोन्हींपैकी एक निवडण्याआधी त्या वाक्यातले ‘किंवा कारणांचे’ आणि ‘दूरचे’ यांवर पेन्सिलीने खूण करा, आणि असल्या कारणावरून कोणती पूजा, कोणता नीतिनियम निघतो ते शोधा. एकही सापडणार नाही.