मैदानात सापडलेला 'क'

लेक चार वर्षांची झाली तरी 'क'ला 'त' म्हणायची. कावळ्याचा 'तावळा', काकूची 'तातू'. आधी कान तपासले. ऐकू नीट येत होतं. स्पीच थेरपिस्टने समजावलं, 'त'ला जिभेचं टोक दातांना टेकतं, 'क'ला जिभेचा मागचा भाग वर टाळूला लागतो. मग बागेत हिरवळीवर उताणं पडून आम्ही कावळ्यांना 'काव काव' करू लागलो. उताणं पडलं की जीभ आपसूक मागे जाते, यानेच खरा फरक पडला! पुढे तेच उभ्याने, मग 'कबड्डी कबड्डी' म्हणत पळणं. चुकली तरी खेळ थांबवायचा नाही, "हो गं, कावळाच!" एवढंच म्हणायचे. 'काकू' आता स्वच्छ येतं. 'ख'साठी खो-खो सुरू केलाय.